दुधाच्या खाड्याशेजारी एक फुली

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कामाच्या मावशींच्या सुट्ट्या असं सगळं लिहिलेलं असतं. ज्यांचं डोकं वारंवार दुखतं त्यांनी त्याच चौकटीत आणखी दोन खुणा करायच्या. डोकं दुखलं की टिंब, आणि त्यासाठी गोळी घेतली की फुली. एका दिवसात एक गोळी घेतली काय किंवा चार घेतल्या काय, फुली एकच. पान उलटायच्या आधी फुल्या मोजायच्या. पुढचा सगळा उपचार या आकड्यावर ठरतो, आणि नेमका हाच आकडा सहसा कुणाला सांगता येत नाही.

गोळ्या न मोजता दिवस का मोजायचे, तर त्रास होतो तो रोजच्या सवयीनं. लग्नघरात एका दिवसात तीन गोळ्या झाल्या तर डोक्याचं फारसं बिघडत नाही. रोज सकाळी एकच, तीही 'अर्धीच घेते हो' म्हणून घेतलेली, ती बिघडवते. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, ॲस्पिरिन यांसारख्या साध्या गोळ्या महिन्यातले 15 किंवा जास्त दिवस, आणि कॅफिन घातलेल्या मिश्र गोळ्या, अर्धशिशीची खास औषधं एर्गोटामिन आणि ट्रिप्टान, किंवा अफूच्या वर्गातलं ट्रॅमाडॉल 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की गोळीच डोकेदुखीचं कारण बनू शकते. मेंदूतली दुखणं जाणवून देणारी यंत्रणा आणखी हळवी होत जाते, गोळीचा असर ओसरला की डोकं पुन्हा उठतं, की पुन्हा गोळी. हे अर्धशिशी किंवा ताणाची डोकेदुखी मुळात असलेल्यांनाच होतं. गुडघ्यासाठी रोज वेदनाशामक घेणाऱ्या आजीचं डोकं, ते आधीपासून दुखरं नसेल तर, त्यामुळं सहसा दुखायला लागत नाही.

या मिश्र गोळ्यांच्या पट्टीची मागची बाजू एकदा चष्मा लावून वाचावी. सॅरिडॉनमध्ये पॅरासिटामॉल 250 मिग्रॅ, प्रॉपीफेनाझोन 150 मिग्रॅ आणि कॅफिन 50 मिग्रॅ असतं, म्हणजे एका गोळीत कपभर चहाएवढं कॅफिन. अर्धशिशीसाठी म्हणून दुकानात सर्रास मिळणाऱ्या दुसऱ्या एका मिश्रणात एर्गोटामिन 1 मिग्रॅ, कॅफिन 100 मिग्रॅ, पॅरासिटामॉल 250 मिग्रॅ आणि उलटी थांबवणारं प्रोक्लोरपेराझीन 2.5 मिग्रॅ असतं. एर्गोटामिन रक्तवाहिन्या आवळतं. हृदयविकार, रक्तदाब किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांचा त्रास असलेल्यांना आणि गरोदर बायकांना ते चालत नाही. घशासाठी क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन चालू असताना ते घेतलं तर रक्तातलं त्याचं प्रमाण इतकं वाढू शकतं की बोटं काळी-निळी पडण्यापर्यंत वेळ येते. एर्गोटामिन आणि ट्रिप्टान एकमेकांपासून 24 तास दूर ठेवायचे.

निदानात घोळ कुठं होतो तेही सांगायला हवं. आपल्याकडं अर्धशिशीला 'पित्त' म्हणतात. मळमळ होते, उलटी झाली की बरं वाटतं, म्हणून पित्ताचं डोकं. प्रत्यक्षात मळमळ आणि उलटी हा अर्धशिशीचाच भाग आहे. त्या वेळी पोटाची हालचाल मंदावते, घेतलेली गोळी तासभर तिथंच पडून राहते आणि उलटीतून अख्खी बाहेर येते. पित्ताची गोळी पॅन्टोप्राझोल वर्षभर घेऊनही डोकं थांबत नाही ते यामुळं. 'सायनस' हा दुसरा गैरसमज. पू, ताप, घट्ट पिवळा शेंबूड काहीच नाही आणि दर पंधरवड्याला कपाळ व डोळ्यामागं ठणकतं, तर ती बहुतेक वेळा अर्धशिशीच असते, कारण अर्धशिशीतही नाक चोंदतं आणि डोळ्यांना पाणी येतं. मान आखडते म्हणून 'स्पाँडिलायटिस', डोळे दुखतात म्हणून चष्म्याचा नवा नंबर, असा दोन-तीन वर्षांचा फेरा सहज होतो. अंधाऱ्या खोलीत पडून राहावंसं वाटणं, जिना चढताना ठणका वाढणं, फोडणीचा किंवा उदबत्तीचा वास सहन न होणं, या तीन गोष्टी एकत्र आल्या की अर्धशिशीकडं बघा. ती अर्ध्याच डोक्यात हवी असंही नाही, नाव काही का असेना.

घरच्या घरी मोजदाद करत बसू नये अशा डोकेदुख्याही आहेत. मिनिटभरात कळस गाठणारी, आयुष्यात कधी दुखलं नाही अशी दुखी. ताप आणि मान ताठ. हात-पाय लुळे पडणं, जीभ अडखळणं, शुद्ध हरपणं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं, त्यातही कानशिलावर हात लावला तरी दुखतंय आणि चावताना जबडा भरून येतोय असं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, नाहीतर दृष्टी जाऊ शकते. आडवं झालं, खोकलं किंवा वाकलं की वाढणारं. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्यानं आलेलं. यातलं काही असेल तर आधी रुग्णालय, कॅलेंडर मग. पावसाळ्यात तापाबरोबर डोकं दुखत असेल तर आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन टाळा. डेंग्यू असला तर रक्तस्राव वाढतो. तिथं फक्त पॅरासिटामॉल.

डॉक्टरांकडं जाताना तीन महिन्यांच्या पानांचे फोटो न्यायचे. ओपीडीत 'महिन्यात किती वेळा दुखतं?' असं विचारलं की माणूस फक्त आडवं पाडणारे दिवस सांगतो, 'चार-पाच वेळा'. मधले कुरकुरणारे दिवस त्याच्या हिशेबात नसतात, कारण त्यांची सवय झालेली असते. प्रश्न उलटा करून स्वतःलाच विचारायचा: महिन्यात डोकं पूर्ण मोकळं असे दिवस किती? उत्तर 'सात' आलं तर दुखीचे दिवस तेवीस. पंधरा किंवा जास्त दुखीचे दिवस, त्यातले निदान आठ अर्धशिशीच्या वळणाचे, आणि हे तीन महिन्यांहून अधिक काळ, याला जुनाट अर्धशिशी म्हणतात. तिचे उपचार वेगळे असतात.

फुल्या दहा-पंधराच्या पुढं गेल्या असतील तर पहिलं काम गोळी थांबवण्याचं. साध्या वेदनाशामक गोळ्या, ट्रिप्टान आणि एर्गोटामिन एकदम बंद करता येतात. ट्रॅमाडॉल, कोडीन किंवा झोपेच्या गोळ्या मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवायच्या. बंद केल्यावर डोकं आधी जास्त दुखतं, आणि इथंच बहुतेकांचा बेत फसतो. ट्रिप्टान सोडणाऱ्यांचे साधारण चार दिवस वाईट जातात, एर्गोटामिनचे आठवडाभर, साध्या गोळ्यांचे नऊ-दहा. मळमळ, बेचैनी, उडालेली झोप, चिडचिड हे सगळं सोबत येतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी 'आपल्याला गोळीशिवाय जमणारच नाही' असं वाटतं आणि हात पर्सकडं जातो. म्हणून तारीख ठरवताना पुढचे दहा दिवस मोकळे बघा. परीक्षा, मार्च अखेर, गौरी-गणपती यांच्या तोंडावर सुरू करू नका. आदल्या दिवशी पर्स, ऑफिसचा ड्रॉवर, गाडीची डिकी, देवघराशेजारचा डबा सगळीकडच्या पट्ट्या गोळा करून घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात द्या. उलटीसाठी डोमपेरिडोन 10 मिग्रॅसारखं औषध आणि तात्पुरता आधार म्हणून मोजक्या दिवसांचं नॅप्रोक्सेन डॉक्टर लिहून देतात. ते ठरलेल्या वेळी घ्यायचं, दुखेल तसं नाही. पाणी, ताक, मऊ खिचडी आणि मानेवर फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटं. बाम लावायला हरकत नाही. मेन्थॉलनं कानशिलं गार पडतात, आणि बामाची फुली मारायची नाही.

काही डॉक्टर आधी डोकं उठूच नये म्हणून द्यायचं प्रतिबंधक औषध सुरू करतात आणि गोळ्या आपोआप कमी होऊ देतात. दोन्ही वाटा मान्य आहेत. सगळं एका झटक्यात सोडणं ज्याला झेपत नाही, त्याला दुसरी वाट बरी.

आता अचानक उठणाऱ्या डोक्यासाठी गोळी घ्यायचीच नाही का? घ्यायची, पण पुरेशी आणि वेळेत. पॅरासिटामॉल 500 ची एक गोळी धडधाकट माणसाच्या अर्धशिशीला कमी पडते. एका वेळचा डोस 1000 मिग्रॅ. नॅप्रोक्सेन 500 मिग्रॅ, किंवा पोट आणि मूत्रपिंडं नीट असतील तर विरघळवलेलं ॲस्पिरिन 900 मिग्रॅ. मळमळ असेल तर डोमपेरिडोन सोबतच, नंतर नाही, म्हणजे पोट हलतं आणि गोळी लागू पडते. एवढ्यानं भागत नसेल तर सुमाट्रिप्टान 50 मिग्रॅ किंवा रिझाट्रिप्टान 10 मिग्रॅ. डोकं थांबून परत उठलं तर दोन तासांनंतर दुसरी घेता येते. पहिलीचा काहीच उपयोग झाला नसेल तर त्याच झटक्यात दुसरीही सहसा कामाची नाही. ट्रिप्टान घेतल्यावर छातीत-मानेत आवळल्यासारखं वाटू शकतं. हृदयविकार, पक्षाघात झालेल्यांना ते वर्ज्य. प्रोप्रॅनोलॉल हे प्रतिबंधक औषध चालू असेल तर रिझाट्रिप्टान 5 मिग्रॅच, कारण प्रोप्रॅनोलॉलमुळं रक्तात ते जास्त चढतं.

वेळेचा अंदाज केसांवरून येतो. कंगवा लागला तरी टाळू हुळहुळते, वेणी सोडून टाकावीशी वाटते, चष्म्याची दांडी टोचते, उशीवर त्या कुशीला डोकं टेकवत नाही. इथवर आलं की मेंदूतला ठणका पुढच्या टप्प्यात गेलेला असतो आणि ट्रिप्टान कमी लागू पडतं. म्हणजे घ्यायची तर त्याआधी. पण प्रत्येक कुरकुरीला लवकर घेतली तर फुल्या वाढतात. या दोन्हींतून वाट एकच: आठवड्यात दोन दिवस गोळीचे, ते कुठले ते आपण ठरवायचं. त्या कोट्यातले दिवस मोठ्या दुखीसाठी राखून ठेवायचे. एवढ्यात भागत नसेल तर प्रतिबंधक औषधाची वेळ झाली.

प्रतिबंधक औषध म्हणजे डोकं दुखो वा न दुखो, रोज घ्यायचं. इथं एक गंमत आहे आणि तिच्यामुळं बरेच उपचार अर्ध्यावर सुटतात. यातली बहुतेक जुनी औषधं दुसऱ्याच आजारांची आहेत. 1966 मध्ये छातीत कळ येणाऱ्या एका रुग्णाला प्रोप्रॅनोलॉल दिलं आणि त्याची अर्धशिशी थांबली, तिथून ते या कामाला लागलं. ॲमिट्रिप्टिलीन नैराश्याचं, टोपिरामेट फिटचं, कँडेसार्टन रक्तदाबाचं. घरी येऊन कुणी मोबाइलवर नाव शोधतं, 'अगं, ही तर फिटची गोळी आहे!' म्हणतं, आणि पट्टी फडताळात जाते. डॉक्टरांनी दोन वाक्यं आधीच सांगितली तर हे टळतं. ते सांगत नसतील तर आपण विचारावं.

या औषधांची ताकद थोड्याफार फरकानं सारखीच आहे. दुखीचे दिवस निम्म्यावर आले तर औषध लागू पडलं असं मानतात. पूर्ण बंद होतील ही अपेक्षा ठेवूच नका. मग निवड कशावर? कोणता दुष्परिणाम आपल्याला सोसवेल यावर. माझ्या मते जुनाट डोकेदुखीच्या उपचारात याहून महत्त्वाचा प्रश्न नाही.

झोप नीट लागत नाही, मान-खांदे भरलेले असतात, अशांना ॲमिट्रिप्टिलीन. सुरुवात 10 मिग्रॅनं, आठवड्या-दोन आठवड्यांनी वाढवत 25 ते 50 पर्यंत. झोपताना नाही, रात्री आठ-साडेआठला घ्यायची. अकराला घेतली तर सकाळी लोकल गाठताना डोळ्यांवर झापड असते, आणि 'ही गोळी मला चालत नाही' असा शिक्का बसतो. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो, भूक वाढते. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांना लघवी अडू शकते. काचबिंदू आणि हृदयाच्या ठोक्यांचा दोष असलेल्यांना टाळतात.

प्रोप्रॅनोलॉल 40 मिग्रॅपासून 80 ते 160 पर्यंत. सोबत रक्तदाब किंवा छातीत धडधड असेल तर एका दगडात दोन पक्षी. दमा असेल तर अजिबात नाही, आणि पंप कधीकाळी वापरला असेल तरी सांगायचं. नाडी फार मंदावली, उभं राहताना अंधारी आली तर डोस कमी करावा लागतो. टेकडी चढणाऱ्यांना पाय जड वाटतात. इन्सुलिन घेणाऱ्यांना साखर उतरल्याची धडधड कळत नाही. एकदम थांबवायचं नाही.

फ्लूनारिझिन आपल्याकडं भरपूर लिहिलं जातं, रात्री 5 किंवा 10 मिग्रॅ. सोयीचं आहे, पण वजन वाढतं आणि काहींना उगाच उदास वाटायला लागतं. साठीच्या पुढं हात कापणं, चाल मंदावणं दिसू शकतं, म्हणून ते काही महिन्यांनी थांबवून बघतात. वर्षानुवर्षं जुन्याच चिठ्ठीवर चालू ठेवू नये.

वजनाची धास्ती असलेल्यांना टोपिरामेट आवडतं, कारण त्यानं वजन उतरतं. 25 मिग्रॅनं सुरू करून दर आठवड्याला 25 वाढवत 50-50 दोन वेळा. बोटांना मुंग्या येतात, सोडा बेचव लागतो, ते निरुपद्रवी. बोलताना नेमका शब्द आठवत नाही हा त्रास मात्र शिक्षक, वकील, कॉल सेंटरवाल्यांना नकोसा होतो, आणि त्यांनी तो सोसत बसू नये. मुतखडा होऊन गेला असेल तर दुसरं औषध बघा, नाहीतर पाणी भरपूर प्या. एकाएकी डोळा दुखून धूसर दिसलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं. गर्भाला यापासून धोका असतो, अर्धशिशीला देतात त्या व्हॅल्प्रोएट या फिटच्याच दुसऱ्या औषधापासून तर फारच. मूल होण्याच्या वयात ही दोन्ही घेण्याआधी हा विषय स्पष्ट बोलायलाच हवा. याच ओघात आणखी एक: डोकं दुखण्याआधी डोळ्यांसमोर नागमोडी चमकत्या रेषा दिसणाऱ्या बायकांनी इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत, पक्षाघाताचा धोका वाढतो. स्त्रीरोगतज्ज्ञ विचारतीलच असं नाही, आपण सांगा.

कुठलंही औषध असो, पुरेशा डोसवर निदान आठ आठवडे दिल्याशिवाय त्याला नापास करू नये. दोन आठवड्यांत सोडणं, 10 मिग्रॅवरच सहा महिने राहणं आणि खालून रोजच्या वेदनाशामक गोळ्या चालू ठेवणं, ही 'काहीच लागू पडत नाही' म्हणण्यामागची तीन नेहमीची कारणं.

दोन-तीन औषधं खरोखर करून झाली की पुढचा टप्पा. बोटॉक्स फक्त जुनाट अर्धशिशीसाठी आहे. कपाळ, कानशिलं, डोक्याची मागची बाजू, मान आणि खांदे मिळून 31 जागी बारीक सुईनं एकूण 155 युनिट, दर बारा आठवड्यांनी. पहिल्या फेरीत फरक पडला नाही तरी दुसरी-तिसरी होईपर्यंत निकाल लावत नाहीत. दुसरी आहेत ती अर्धशिशीचा ठणका उठवणाऱ्या सीजीआरपी या रेणूला, किंवा पेशीवर तो जिथं चिकटतो त्या जागेला अडवणारी इंजेक्शनं. खास अर्धशिशीवर नेम धरून बनवलेल्या या गटातलं पहिलं, एरेनुमॅब, 2018 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. महिन्यातून एकदा 70 किंवा 140 मिग्रॅ पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली. पेन फ्रिजमध्ये ठेवायचं, घेण्याआधी अर्धा तास बाहेर काढायचं, गरम पाण्यात बुडवायचं नाही. त्यानं बद्धकोष्ठ होतो आणि रक्तदाब बघावा लागतो. दोन्ही उपचार खिशाला जड आहेत. मेडिक्लेममध्ये बसतं का ते आधी लेखी विचारून घ्या.

आणि पुन्हा कालनिर्णय. टिंबं कुठल्या चौकटीत पडतात ते बघा. संकष्टीच्या चौकटीत किंवा दुसऱ्या दिवशी वारंवार पडत असतील तर दिवसभराची उपासमार आणि कमी पाणी हे कारण. चंद्रोदयाची वेळ कॅलेंडरवर छापलेलीच असते, नऊ-साडेनऊपर्यंत रिकामं पोट अर्धशिशीला आवडतं. उपास मोडायला कुणी सांगत नाही. सकाळचा चहा नेहमीच्या वेळी, दुपारी एकपर्यंत दाणे-खजूर किंवा राजगिऱ्याची वडी, आणि दिवसभर पाणी, एवढं केलं तरी फरक दिसतो. निर्जळी मात्र अशांनी करू नये. रविवारी टिंब पडत असेल तर उशिरा उठण्यानं चुकलेला चहा तपासा. कॅफिन चुकल्याची डोकेदुखी 12 ते 24 तासांत सुरू होते. रोज पाच-सहा कप होत असतील तर दर तीन-चार दिवसांनी अर्धा कप असं उतरवा, एकदम बंद करू नका.

न्हाण्याचा दिवसही बघा. केस धुतले की डोकं उठतं हे आपल्या बायका पिढ्यान् पिढ्या सांगत आल्या. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी 2006 मध्ये अशा 94 भारतीय रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकात मांडल्या तेव्हा हा त्रास रीतसर नोंदला गेला. लांब केस ओले ठेवून अंबाडा बांधू नये, लगेच पुसून वाळवावेत, आणि उपास, पाळी व न्हाणं एकाच दिवशी येऊ देऊ नये. पाळीच्या दोन दिवस आधीपासून टिंबं ठरलेली असतील तर डॉक्टर तेवढेच पाच-सहा दिवस नॅप्रोक्सेन देतात. त्या फुल्याही मोजायच्या.

जीवनसत्त्वांबद्दल थोडक्यात: रायबोफ्लेविन म्हणजे बी-2 अर्धशिशीला रोज 400 मिग्रॅ तीन महिने देतात, लघवी पिवळीधमक होते. नेहमीच्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीत ते 10 मिग्रॅच्या आसपास असतं, तिच्यावर भरवसा ठेवू नका. मॅग्नेशियमही देतात, त्यानं पोट सैल होतं.

औषध लागू पडलं, टिंबं निम्म्यावर आली, फुल्या महिन्याला चार-पाचवर थांबल्या, असं सहा ते बारा महिने टिकलं की डॉक्टर डोस उतरवायला घेतात. तोही पायऱ्यापायऱ्यांनी, ॲमिट्रिप्टिलीन 25 वरून 10 आणि मग बंद, असा काही आठवड्यांत. या काळात फुल्या मोजणं सुटतं, आणि बंद केलेल्या वेदनाशामक गोळ्या पहिल्या वर्षात परत शिरतात त्या इथूनच. म्हणून डिसेंबरात नवं कालनिर्णय लावलं तरी जुनं रद्दीत देऊ नका. औषध उतरवताना गेल्या वर्षीचा तोच महिना शेजारी ठेवून बघावा लागतो.